मागच्या गाडीला ब्रेक नसतो

आबा, आज पहाटे तुम्ही पुन्हा ट्रॅक्टर घेऊन माझ्या झोपेत आला होता. मागं उसाच्या दोन ट्रॉल्या, आणि तुम्ही मान अर्धी मागं वळवून बसलेले. तुमचं बसणं तसंच असायचं, एक डोळा रस्त्यावर नि एक मागच्या ट्रॉलीवर. आवाज मात्र कसलाच येत नव्हता. सगळीकडं धुकं होतं, आणि आपल्या आटपाडीच्या माळावर धुकं कुठलं यायला! मी हाक मारली तर तुम्ही नुसता हात वर केला. पुढं ये म्हणून, की लांब राहा म्हणून, कोण जाणे. जाग आली तेव्हा सांगलीच्या घरात पंखा फिरत होता आणि माझा उजवा पाय चादरीखाली ब्रेक शोधत होता. तुम्हाला जाऊन एकोणीस वर्षं झाली. तुम्ही होता तेव्हा मी तुम्हाला चार ओळी कधी लिहिल्या नाहीत, रागात होते. आता लिहिते आहे, ते एका गाडीपायी आणि आईपायी.

गाडीचं आधी सांगते. तुमच्या जावयांची फौजेतली सगळी नोकरी मोठ्या गाड्यांमागं पाण्याच्या टाक्या नि जनरेटर ओढण्यात गेली. त्यामुळं मागं काही जोडलेलं नसलं की त्यांना गाडी लंगडी वाटते. पेन्शनीत आल्यावर त्यांनी कुठून तरी दोन चाकांचं एक फिरतं घर आणलं. कॅराव्हॅन म्हणतात त्याला. आत शिरलं की पुढच्या भिंतीला एक पलंग, मधे शेगडीचा ओटा, आणि दार एकदम मागं. आमची रोजची भाजी आणायची साधी गाडी, तिच्या पाठीला हूक बसवला आणि हे घर तिला अडकवलं. गल्लीतल्या बायका म्हणाल्या, "वहिनी, संसार रस्त्यावर आला की तुमचा!" मी म्हटलं, आला तर आला, चाकं तरी आहेत त्याला. वरवर हसले, पण मनातून चरफडत होते. बाई, या वयात सुखानं घरात बसायचं सोडून हे काय खूळ!

आणि मग मलाच त्याचं वेड लागलं. नदीकाठच्या मोकळ्या मैदानात हे मला शिकवायचे. पुढं जाणं सोपं, मागं घेणं म्हणजे सत्त्वपरीक्षा. मागचं घर डावीकडं न्यायचं तर स्टिअरिंग उजवीकडं फिरवायचं. हे खिडकीशी उभे राहून फौजेतल्या हिंदीत ओरडायचे, "धीरे! उलटा काटो, उलटा!" मी चार वेळा ते घर गाडीच्या कुशीत नेऊन दुमडलं. पाचव्या वेळी काय झालं माहीत नाही, हातांना आपोआप कळलं. लहानपणी मी बांधावर बसून तुम्हाला ट्रॉली मागं घेताना किती वेळा बघितलं असेल! तुम्ही चाक थोडंसं उलटं द्यायचा, वाट बघायचा, मग सोडायचा. घाई कुठंच नाही. त्या मैदानात माझे हात माझे राहिलेच नव्हते. हे म्हणाले, "आता कसं जमलं?" मी म्हटलं, "जमलं." तुमचं नाव काढलं नाही. तेव्हा अजून ते तोंडात यायचं नाही.

का यायचं नाही ते तुम्हाला ठाऊक आहे, तरी एकदा बोलू दे. माझं लग्न. आपल्याकडं तेव्हा वऱ्हाड ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतूनच जायचं. खाली कडबा, त्यावर चादरी, बायका मधे, पोरं कडेला, गाणी म्हणत. तुम्ही तर कारखान्याला ऊस वाहणारे ट्रॅक्टर ड्रायव्हर. मालकानं दोन ट्रॉल्यांसकट ट्रॅक्टर देऊ केला होता, वर डिझेलही. आणि तुम्ही नाही म्हणालात! सगळी भावकी अंगणात उभी, आणि तुम्ही त्या ट्रॉलीच्या दांडीवर पाय ठेवून म्हणताय, "मागच्या गाडीला बिरेक नसतो. उतारावर ती पुढच्याचं ऐकत न्हाई. ऊस पडला तर उचलता येतो. मी मानसं न्यायचो न्हाई." थोरले काका म्हणाले, "आरं, आजपतुर सगळी गेली की! तुजीच लेक काय सोन्याची हाय व्हय?" तुम्ही म्हणालात, "व्हय." तेवढंच. मग भाड्यानं माणसं वाहणारी एकच वडाप जीप तीन खेपा करत राहिली. तिसऱ्या खेपेची माणसं पोचेपर्यंत मुहूर्त टळला. अक्षता पडल्या तेव्हा भटजी सुद्धा घड्याळाकडं बघत होते. सासरी पुढं कितीतरी वर्षं माझं नाव निघालं की हेच, ट्रॅक्टरवाल्याची लेक आणि चालत आल्यासारखी उशिरा आली. तुम्ही "व्हय" म्हणालात ते मला तेव्हा ऐकूच आलं नाही. मला फक्त तो टळलेला मुहूर्त ऐकू येत राहिला. दिवाळीला आले तरी तुमच्याशी कामापुरतं बोलायचे. मग तुम्ही गेलात, अन् मी तशीच राहिले.

आता आईचं. आई ऐंशीच्या पुढं गेली आहे. कंबर गेलीय, अर्ध्या तासावर बसवत नाही. पण तिला एकच ध्यास लागला होता, ढगात निजायचं. हे खूळ तुम्हीच तिच्या डोक्यात घातलं होतं, आठवतं का? एकदा कुणाचं तरी सामान घेऊन तुम्ही ट्रॅक्टरनं महाबळेश्वरला गेला होता आणि आल्यावर चुलीपुढं बसून सांगत होता, "तितं ढग घरात येत्यात. दार उगडलं की आत. पावण्यासारखं." आई भाकरी थापता थापता थांबली होती. आपल्या माळावर ढग वर दिसायचा आणि न विचारता निघून जायचा, आणि तुम्ही म्हणताय आत येतो! आयुष्यभर ती ऊस तोडायला गेली, डाळिंबाच्या बागेत राबली, पण घाट चढून वर कधी गेली नाही. हॉटेलात राहायला तयार नाही, म्हणे परक्या अंथरुणावर डोळा लागत नाही. मग मी म्हटलं, बये, अंथरूण आपलंच घेऊन जाऊ, घरासकट. नेमकं तेव्हाच यांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, महिनाभर गाडी बंद. मी आईला म्हटलं, महिनाभर थांबू. ती म्हणाली, "तू थांब. म्या थांबीन का, त्ये म्या कसं सांगू?" एवढं ऐकल्यावर मी एकटीनं न्यायचं ठरवलं. तिला तिथं सुखरूप पोचवायचं आणि सुखरूप माघारी आणायचं, एवढंच मनात होतं. बाकी जगाचं काही का होईना.

त्या चुलीपुढं तुम्ही मला आणखी एक गोष्ट दाखवली होती. कडब्याच्या ताटांची दोन चाकी गाडी करून दिली होती तुम्ही, जुन्या चपलेची चाकं कापून. सारवलेल्या जमिनीवर ती दोऱ्यानं ओढायची. आईच्या परातीतला पिठाचा गोळा घेऊन तुम्ही गाडीच्या मागच्या टोकाला ठेवलात आणि म्हणालात, "वड आता." मी ओढली तर ती गाडी नुसती इकडून तिकडं, इकडून तिकडं, कुत्र्यानं शेपूट हलवावी तशी, आणि उलटली. मग तोच गोळा चाकांच्या जरा पुढं ठेवलात. गाडी सरळ आली, माझ्या पायाशी येऊन थांबली. "मागं वजन झालं की गाडी उलाळ हुती," तुम्ही म्हणालात. "बैलगाडीचं जू बैलाच्या मानंवरनं वर उचलतं, बैलाचा गळा आवळतो. जुवावर थोडं वजन पायजेच. लय बी नगं, कमी बी नगं." आई करवादली, "पिठाला माती लावू नगासा!" तुम्ही गोळा पुसून परत परातीत टाकलात, आणि ती भाकरी आपण खाल्ली, दाताखाली कच लागत होती. मी तेव्हा सहा-सात वर्षांची असेन. एवढंसं ते, पण कॅराव्हॅन भरताना दर वेळी मी तुमचा गोळा आठवते. जड ते चाकांच्या वर आणि थोडं पुढं, हलकं मागं. पिन घातली की तिला खालून आडकाठी, साखळी हुकाखालून आडवी, मागच्या दिव्यांची वायर लावून एकदा मागं जाऊन बघायचं, चाकांतली हवा. हे म्हणतात मी पूजा करते गाडीची.

तर निघायच्या दिवशीचं, सगळ्यांना ठाऊक आहे ते असं. सकाळी आटपाडीच्या घरापुढं गाडी उभी. मी चहा प्यायला आत गेले आणि तेवढ्यात धाकट्या भावानं कॅराव्हॅनचं मागचं दार उघडून ज्वारीची गोणी आणि डाळिंबाचे दोन क्रेट आत ठेवले, अगदी दाराशी, म्हणजे सगळ्यात मागं. दार तिथंच आहे म्हणून तिथंच ठेवलं बिचाऱ्यानं. लेकीला माहेरातून रिकामं पाठवत नाहीत. मी बाहेर आले, बघितलं, ओढणाऱ्या गाडीची शेपटी वर आलेली दिसत होती, म्हणजे हुकावर वजनच उरलं नव्हतं. उलाळ! पण भावजय पदर खोचून कौतुकानं उभी होती, म्हणत होती, "वन्सं, डाळिंबं पयल्या तोडीची हायती बरं का." आता तिच्यासमोर कसं उपसून काढायचं? गोणी तशीच राहू दिली. मग आईचा विषय निघाला. धाकटा म्हणाला, "आक्का, आईला मागच्या घरातल्या पलंगावरच झोपव की. कंबर धरंल न्हाईतर तिची. घरातल्या घरात झोपून जाईल." आईचे डोळे चमकले. मी म्हटलं, नाही. मागच्या गाडीत माणूस बसवायचं नाही म्हणजे नाही. "आगं पर तितं पलंग कशाला हाय मग?" "उभी असताना झोपायला." धाकटा हसला, म्हणाला, "आबाच बोलतोय तुज्या तोंडातनं." माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या, पण आतून कुठं तरी बरंही वाटलं. पुढची सीट मागं पाडली, उशा लावल्या, आईला बसवलं, पट्टा लावला आणि निघालो.

कडेगावला चहा घेतला. तिथून पुढं कराडकडं उतरताना सुर्लीचा घाट लागतो. मोठा नाही, पण उतार आहे. ज्या गेरात चढायचं त्याच गेरात उतरायचं, हे तुमचंच, तशी मी तिसऱ्यातून दुसऱ्यात यायच्या बेतात होते, एवढ्यात बाजूनं एक ट्रक सोसाट्यानं निघून गेला. त्याच्या वाऱ्यानं मागचं घर एकदा उजवीकडं गेलं. मग डावीकडं. मग अजून जास्त उजवीकडं. आरशात मला माझंच घर दिसत होतं, कधी या आरशात, कधी त्या आरशात. आणि आबा, खरं सांगू, मला भीती वाटलीच नाही त्या क्षणी, सगळं कसं संथ झालं. दरीकडची झुडपं, आईचा उशीवरचा हात, तिच्या बांगड्या, सगळं पाण्याखालून बघावं तसं. पाय ब्रेककडं निघाला होता. तुम्ही म्हणालात, "नगं." मी ऐकलं. पाय वर उचलला, ॲक्सिलरेटर सोडला, ब्रेकला शिवले नाही, स्टिअरिंग दोन्ही हातांनी सरळ धरून ठेवलं, ते ओढत होतं तरी फिरवलं नाही. आणखी दोन झोके गेले. मग एक लहानसा. मग गाडी कुत्रं मार खाऊन गप्प बसावं तशी मुकाट मागं येऊ लागली. रुंद जागा बघून थांबले. आई म्हणाली, "काय झालं गं? झोका द्यायलीस व्हय?" मी स्टिअरिंगवर डोकं ठेवून रडले, मोठ्यानं. तिनं पाठीवरून हात फिरवला. नंतर मी गोणी आणि क्रेट ओढत ओढत पुढं पलंगाखाली नेले, आणि पुढचा सगळा रस्ता घर तुमच्या ताटाच्या गाडीसारखं सरळ आलं. वाईचा घाट पहिल्या-दुसऱ्या गेरात चढले. मागं रांग लागली की जागा बघून बाजूला व्हायचे, लोक हॉर्न मारायचे, मारू देत.

महाबळेश्वरात एका ओळखीच्या माणसाच्या स्ट्रॉबेरीच्या रानाकडेला जागा मिळाली. चाकांना दगड लावले, टेकू दिले. सकाळी मी दार उघडलं आणि आबा, तो आला. खरोखर आला. आधी पायरीवर, मग आत, शेगडीवरून, आईच्या गोधडीवरून. आई पलंगावर उशीला टेकून बसली होती, हात पुढं करून. तिचा हात धुक्यात नाहीसा झाला आणि ती लहान पोरीगत हसली. "आलं बाई पावणं," म्हणाली. ओली झालेली गोधडी तिनं हातानं चाचपली. मग म्हणाली, "तुजा बाप खोटं बोलत न्हवता." बाहेर स्ट्रॉबेरीच्या सऱ्या दिसत नव्हत्या, गाडी दिसत नव्हती, आम्ही कुठं आहोत तेही कळत नव्हतं. मला वाटलं बाहेर पाऊल टाकलं तर तुम्ही दांडीवर पाय ठेवून उभे असाल. मी चहा टाकला, तीन कप. तिसरा गार झाला, तो मीच प्यायले. तिथं आम्ही चार दिवस राहिलो आणि माझ्या मनातलं ते लग्नाचं ओझं कधी उतरलं ते कळलंही नाही. तुम्ही मला सोन्याची म्हणाला होता, भर अंगणात, सगळ्यांसमोर, आणि मी पोरगी मुहूर्त मोजत बसले होते. माझं चुकलं, आबा.

आईला सुखरूप घरी पोचवलं. आता ती ओट्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते, "लेकीनं मला मागं बसू दिलं न्हाई. बापावर गेलीया. न्हाईतर त्या घाटात माजं काय झालं असतं!" धाकटा फोनवर दहा वेळा म्हणाला, "आक्का, तू नाही म्हणालीस म्हणून." सगळा गाव मला शहाणी म्हणतोय. फक्त हे, डोळ्यावर हिरवा चष्मा लावून खुर्चीत बसलेले, एक दिवस म्हणाले, "एक गोष्ट समजेना. गोणी आटपाडीपासूनच मागं होती. मग गाडी घाटापर्यंत सरळ कशी आली? आधीच हलायला पाहिजे होती." मी म्हटलं, उतार होता म्हणून. ते म्हणाले, "उतार आधीही आहेत." मी कुकरची शिट्टी झाल्याचं सोंग करून आत गेले.

हे पत्र कुठल्या पेटीत टाकायचं नाही, म्हणून तुम्हाला खरं सांगते. गावाची शेवटची घरं मागं पडली, तशी आई म्हणाली, "आता बगायला कोन हाय? थोडं पडू दे की मला मागं." मी गाडी बाजूला घेतली. घेतली, आबा. तिला मागच्या दारानं आत चढवलं, पुढच्या पलंगावर निजवलं, अंगावर गोधडी घातली. कडेगावपर्यंत ती तिथंच होती. पुढं बसली ती मी बसवली म्हणून नाही, तिचीच ती म्हणाली, "आत लय हिसकं बसत्यात, आन एकलीला करमंना." तिच्यात आणि त्या घाटात एक चहाचा कप होता, तेवढाच. पण हेही नाही, आबा, याच्याही पलीकडचं आहे. तिला आत निजवून मी बाहेर आले, तेव्हा ओढणाऱ्या गाडीची शेपटी खाली बसली होती, हुकावर हवं तेवढं बरोब्बर वजन आलं होतं. आणि माझ्या मनात आलं, चला, बरं झालं, आता गोणी हलवायला नको. कडेगावला ती उठून पुढं आली तसं ते वजनही गेलं, गोणी मात्र मागंच राहिली. तिच्या कंबरेची दया आली म्हणून मी तिला मागं ठेवलं नव्हतं. ती अजून माझा हात धरून हळूच म्हणते, "त्या दिशी तू माजा लाड केलास गं." मी तिला काहीच सांगितलेलं नाही.